मी न पाहिलेल्या मॅचेस

इंग्लंडमध्ये शिकायला होते त्या वर्षी मी तिथल्या फुटबॉल क्लबच्या जवळजवळ प्रत्येक मॅचला स्टेडियममध्ये होते, आणि एकही मॅच पाहिली नाही. स्टँडच्या खाली, सिमेंटच्या बोळात, एका खिडकीमागे उभी राहून मी पाय विकत होते. पाय म्हणजे मैद्याच्या जाड पारीची तळहाताएवढी बंद वाटी. आत मांसाचे तुकडे आणि दाट रस्सा. तिकडे फुटबॉल बघायला आलेला माणूस पाय खाल्ल्याशिवाय घरी जात नाही. थंडीत दोन्ही हातांत धरून, उभ्याउभ्या, जीभ भाजून घेत खातो.

मध्यंतराची पंधरा मिनिटं खिडकीवर झुंबड असायची. मग बोळ एकदम रिकामा. छत धडधडलं की समजायचं, गोल झाला. कोणाचा, ते मी आवाजावरून ओळखायला शिकले होते.

बाबांना मात्र सांगितलं होतं, मैत्रिणींबरोबर मॅच बघायला जाते. ते कोराडीच्या वीज केंद्रात फिटर. तरुणपणी कॉलनीच्या टीमकडून खेळलेले. आई गेल्यापासून क्वार्टरमध्ये एकटेच.

"मॅचमध्ये काय खाल्लं वं?" ते फोनवर विचारत.

"पाय."

"बकऱ्याचे?"

मी हसायचे. बऱ्याचदा दिवसभरातलं तेवढंच हसणं. मैत्रिणी नव्हत्याच.

गेल्या वर्षी परत आले. नोकरी विमानतळाच्या बाजूला, कोराडीहून लांब, म्हणून मनीषनगरात एक खोली भाड्यानं घेतली. डिसेंबरातल्या एका शनिवारी बाबा मटण घेऊन आले. म्हणाले, "आज ते तुझं पाय करून दाखव."

तिखट रस्सा आटवला, मैदा लोण्यात मळला, स्टीलच्या वाट्यांत भरून छोट्या ओव्हनमध्ये ठेवलं. वरून छान लाल झालं. खालून पीठ कच्चंच राहिलं आणि तर्री गळायला लागली. टीव्हीवर त्याच क्लबची मॅच सुरू होती, त्याच स्टेडियममध्ये. तिकडच्यासारखं उभ्यानंच खायचं म्हणून आम्ही दोघं टीव्हीसमोर उभे राहिलो.

बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तू कोणत्या बाजूनं बसत होती?"

मी मनगटावर ओघळलेली तर्री पुसली.

"मी दर शनिवारी पाहो ना. कॅमेरा गर्दीवर गेला का टीव्हीच्या जवळ जाऊन बसो. एकदा लाल टोपीवाली पोरगी दिसली. शेजारच्याले बोलावलं, म्हटलं, ते पाहा, माझी पोरगी."

मी बशी खाली ठेवली. "मी तिथं नव्हती, बाबा. खाली पाय विकत होती."

"अन् मैत्रिणी?"

"नव्हत्या."

"काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्हाले जेवण गेलं नसतं."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. हिरव्या मैदानावर माणसं नुसतीच पळत राहिली.

"मंग वर्षभर मी कोणाले पाहून राहिलो होतो?"

रागानं नाही, खरंच विचारत होते. त्यांनी कच्च्या पिठासकट सगळं खाल्लं, बशी धुऊन ठेवली आणि सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सकाळी मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. त्यांनी खिडकीतून हात केला.

पुढच्या शनिवारी मॅचच्या वेळेला त्यांचा फोन आला. मॅचचं त्यांनी नावही काढलं नाही.

"काय करून राहिली?"

ऑफिसच्या मुली आल्या आहेत, असं अगदी ओठावर आलं होतं. सवयच ती.

"काही नाही, बाबा. एकटीच बसून आहो."

ते म्हणाले, "मी बी."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ते गॅस बंद करायला उठले. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही.