डाव्या हातातल्या बांगड्या

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई सगळ्या बांगड्या उजव्या हातात घालायच्या. डावा हात कंपनीचा, असं हसून सांगायच्या. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात कार्डिओग्रामच्या चिकटपट्ट्या बनत, तिथे त्या कामाला होत्या. नवा गोंद आला की त्याची पट्टी आधी स्वतःच्या हाताला लावून घरी यायच्या. शेजारी बॉलपेनने वेळ लिहिलेली असायची. भाजी निवडता निवडता मध्येच पट्टी उचकटून बघायच्या. "लाल न्हाय झालं. चांगला हाय."

माझ्या आईला हे अजिबात पटायचं नाही. "सवाष्ण बाई, आणि हात मोकळा!"

मग डॉक्टरांनी आईच्या छातीला चोवीस तासांसाठी ठोके नोंदवणारं मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी ते परत द्यायचं, तर आई पट्ट्यांना हात लावू देईना. मागच्या वेळी त्या काढताना कातडी सोलवटली होती. शेवटी मी बाईंना बोलावलं.

त्यांनी कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि माहेरी, मुर्ध्याला, बोंबील कसे वाळवतात ते सांगायला लागल्या.

"मीठ किती लावता गं?"

"बोंबलाला मीठ न्हाय लावत, काकू."

"बरं, आता काढ बाई त्या पट्ट्या."

"काढल्या कधीच!"

आईने खाली बघितलं. बाई मात्र स्वतःचा हात चोळत होत्या. "माझं कातडं आता निबर झालंय, काकू. वाईट गोंदपण चांगलाच वाटतो."

आईने डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, उजव्या हातात चढवल्या आणि मोकळा हात पुढे केला.

"पेन आणलंयस ना?"