पाठीवरचा कॅप्टन

लिअँडर थ्रॅशर वकील कधी झाला, ते अख्ख्या कॉर्डर्स मिल गावाला ठाऊक आहे. कर्नल कधी झाला, ते त्याचं त्यालाच माहीत. अमेरिकेतल्या दक्षिणेच्या राज्यांशी लढाई संपली तेव्हा तो कॅप्टन होता. मी त्याच्याच कंपनीत होतो, सगळ्यांच्या दाढ्या करायचो. गावी आल्यावर तो निवडणुका हरत गेला, आणि दर पराभवाला त्याचा हुद्दा तेवढा वाढत गेला.

मेअखेरीस आम्ही कबरस्तानात शिपायांच्या कबरींवर फुलं वाहतो. तिथं दर वर्षी साहेबांचं भाषण ठरलेलं. "जानेवारीची नदी! बर्फ! आणि माझ्या पाठीवर माझा शिपाई, एनॉस बिकनेल!" बायका डोळे पुसायच्या. एनॉस मागं उभा राहून खोकत असायचा.

खरं काय झालं, ते मी काठावरून पाहिलंय. पाठीवर कॅप्टन होता! नवे बूट भिजू नयेत म्हणून पाय वर धरून बसला होता. छातीभर पाण्यातून एनॉसनं त्याला पलीकडे नेलं आणि तेव्हा लागलेला खोकला मरेपर्यंत गेला नाही. एनॉस भिडस्त, तो बोलला नाही. मी बोललो नाही, कारण साहेब रोजचं गिऱ्हाईक. आजही शरम वाटते मला.

एनॉस गेला. पेन्शनच्या ऑफिसानं त्याच्या बायकोला, ड्रुसिलाबाईंना कळवलं, की पेन्शन हवी तर दुखणं लढाईतच लागलं असं त्याच्या अधिकाऱ्यानं शपथेवर लिहून द्यावं. न्हाव्याची साक्ष चालत नव्हती. घरात तीन मुलं, मिळकत शिवणकामाची. बाई तडक माझ्या दुकानात आल्या. साहेबांच्या तोंडाला साबण फासलेला, पळणार कुठं?

"अहो बाई, देतो की! लिहितो, मी त्याला पाठीवरून नेलं..."

"मग तो भिजला कसा?"

माझा वस्तरा थांबला.

"पाठीवरचा माणूस कोरडा राहतो, साहेब. वॉशिंग्टनवाल्यांना एवढी अक्कल असेलच."

"निवडणूक तीन आठवड्यांवर आलीय हो! जरा समजून घ्या."

"आणि माझ्या पोरांनी काय खायचं? तुमची भाषणं?"

वकीलच तो. तोंड पुसता पुसता त्यानं तोड काढली. शपथपत्रात खरं लिहायचं. ते वॉशिंग्टनला जाणार, गावात कोण वाचतंय? बदल्यात बाईंनी प्रचारसभेत येऊन, नवऱ्याला नदीतून वाचवल्याबद्दल साहेबांचे आभार मानायचे. मला वाटलं, आता साबणाचं भांडं याच्या डोक्यात बसणार.

बाई म्हणाल्या, "आधी सही."

सभेत त्यांनी आभार मानले. एकेक शब्द तोडून तोडून बोलल्या. लोकांना वाटलं, कृतज्ञता! टाळ्या काय, रडारड काय. साहेब पहिल्यांदाच निवडून आले, थेट वॉशिंग्टनच्या संसदेत, काँग्रेसमध्ये.

वसंतात पेन्शन आली, मागच्या थकबाकीसकट. बाईंनी आधी मुलांना बूट घेतले. मग एनॉसच्या कबरीवर दगड बसवला. कबर भाषणाच्या चौथऱ्यासमोरच होती.

मेअखेर आली. दगडावर सकाळपासून झेंडा पांघरलेला. साहेबांनी हात उंचावला, "जानेवारीची नदी! बर्फ!" आणि बाईंनी झेंडा ओढला. शपथपत्राची नक्कल त्यांनी जपून ठेवली होती, ती पाथरवटानं जशीच्या तशी कोरली होती:

"एनॉस बिकनेल याने मला पाठीवर घेऊन नदी पार केली. त्यातच त्याच्या छातीचे दुखणे सुरू झाले. शपथेवर, कॅप्टन एल. थ्रॅशर."

साहेबांचा हात वरच राहिला.

"वाचा ना, कर्नलसाहेब," बाई म्हणाल्या. "तुमचेच शब्द आहेत."

सगळं गाव बघत होतं. साहेब पुटपुटत वाचायला लागले. वीस वर्षं गप्प बसलेला मी गर्दीतून ओरडलो, "ऐकू येत नाही, कॅप्टन! मोठ्यानं!"