चपलांपाशी

१९५४ सालचा पौष महिना. रविवार, सकाळ. हजर: हैदराबादहून जुनी घरं बघायला आलेले पाहुणे, त्यात एक वयस्क प्राध्यापक बाई. शाळेचे हेडमास्तर. दिगंबर शिपाई, पाण्याची घागर घेऊन. आणि मी, त्याच शाळेतला मास्तर, महारवाड्यातला.

औराद तालुक्यातलं आमचं गाव. बाजारामागच्या एकाच गल्लीत तीन जुनी घरं: जहागीरदाराची हवेली, सावकाराचं घर, देशमुखांची गढी. सगळा बंदोबस्त माझ्याकडे होता. मालकांना निरोप, बैलगाड्या, जेवण, कुठलं घर आधी. असली कामं मला जमतात. एकच गोष्ट राहून गेली. घरात शिरताना सगळे पायातलं दारात काढणार, आणि तिथं कुणीतरी लागणार.

हवेलीच्या दारात हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, तू जरा चपलांपाशी थांब. कुत्री लई झालीत."

शाळेत ते मला तुम्ही म्हणतात.

थांबलो. सगळे आत गेले. दिगंबरही गेला. शिपाई आत, मास्तर पायरीखाली. आतून बाईंचा आवाज येत होता, काय सुंदर खांब आहेत म्हणून. मी जोड्या लावत बसलो. हात रिकामे राहिले की मला करमत नाही. त्या मी इतक्या नीट लावल्या, हेच अजून सलतं.

सावकाराच्या दारात कुणाला सांगावंही लागलं नाही. माझ्याकडे बघत चपला निघाल्या. दिगंबर हसून म्हणाला, "मास्तर, ध्यान ठिवा हं. आदलाबदल हुईल."

याच गल्लीच्या तोंडाशी माझे वडील चपला काढून काखेत घ्यायचे. पलीकडे गेल्यावर घालायचे. लहानपणी मी विचारलं होतं, "कामून, अप्पा?" ते म्हणाले, "चल गप." निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, मी शिकलो. वाटलं, ते संपलं. कुठलं संपतंय. वडील निदान स्वतःच्या चपला उचलायचे. मी दुसऱ्यांच्या राखत होतो.

गढीच्या दारातही चपला निघाल्या, मी पायरीखाली बसलो. बाई थबकल्या. "मास्तर कुठल्याच घरात येत नाहीत?"

हेडमास्तर म्हणाले, "त्यांना बाहेरच बरं वाटतं."

इथवर मी गप्प होतो. पण हे मी कधी म्हटलं नव्हतं, आणि माझ्या नावावर खपत होतं. उठलो.

"मला बाहेर बरं वाटत न्हाई, सर."

माझ्या चपला काढल्या. त्यांच्याच रांगेत ठेवल्या. उंबरा ओलांडला.

मागून दिगंबर, "आन् चपला कुणी बघायच्या?"

"ज्याच्या त्यानं."

देशमुख ओसरीवर बसले होते. आवाज न चढवता म्हणाले, "तुझा बाप ह्या गल्लीतनं कसा जायचा, ठावं हाय न्हवं?"

"व्हय, देशमुख. चपला काखेत घिऊन. मी पायात घालून आलो. दारात काढल्या, तुमच्या पाहुण्यांवानी."

त्यांनी बाईंपुढे हात जोडले. "आज घर दाखवणं जमायचं न्हाई." आणि आत निघून गेले.

पाहुणे खाली मान घालून आपापल्या चपला शोधू लागले. जाताना बाई मला म्हणाल्या, "थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतं, मास्तर. आम्ही एवढ्या लांबून आलो."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी माझ्याकडे माफीनामा मागितला. "दोन ओळी लिही, मिटवून टाकू. न्हाईतर बदली." लिहिल्या नाहीत. बदलीचा हुकूम येईल तेव्हा येईल.

तोवर सातवीच्या पोरांना तीच तीन घरं दाखवायची आहेत. मालकांना निरोप धाडले. उत्तर नाही. तरीही येत्या रविवारी जाणार. सगळी पोरं चपला घालून गल्ली चालतील, दारात काढतील, राखायला कुणी बाहेर राहणार नाही. दार उघडलं नाही तर दारातच बसू. पुढच्या रविवारी पुन्हा.

गाडी नको, पायी जाता येतं. भाकरी ज्याची त्यानं आणायची. आमच्या महारवाड्यातल्या दोन पोरांना चपला नाहीत. त्या आणायच्या राहिल्यात.