तिचा ‘आय’ तसाच राहू दे

“ती नकोच म्हणाली.”

शोभा गेली त्या दिवसापासून हे एकच वाक्य ऐकतेय.
तिच्या सासरी ऐकलं, माहेरी ऐकलं. दहाव्याला नदीवर जमलेल्या बायकांच्या तोंडून तर ऐकून ऐकून कान किटले.

ताप अंगात मुरला होता, दवाखान्यात न्यायला सगळे तयार होते, पण तीच नको म्हणाली.

साफ खोटं आहे.
आज तिचा स्मृतिदिन. आज लिहूनच टाकते.

शोभा माझी मैत्रीण. किन्हवलीजवळच्या एकाच गावातल्या आम्ही, एकाच बाकावरच्या. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि आम्ही दहावीला होतो.
बाकी सगळ्या विषयांत ती माझ्या पुढे. इंग्रजीत डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच आलं आणि तिचं घोडं अडलं.

सरांनी फळ्यावर लिहिलं, मीना सेड, “आय अ‍ॅम इल.”
आता इनडायरेक्ट करा. कॉमे काढा, दॅट घाला, ‘आय’चा ‘शी’ करा, ‘अ‍ॅम’चा ‘वॉज’.

शोभाने लिहिलं, मीना सेड दॅट आय वॉज इल.

“शोभा, आजारी कोण? मीना की तू?”
“मीना, सर.”
“मग हा ‘आय’ कोणाचा?”
“मीनाचाच. ती ‘मी’ बोलली ना सर. तिचा ‘मी’ आमी कशाला काढायचा?”

वर्ग खिदळला. सरही हसले. पण मार्क कापला तो कापलाच.

सांगा, तिचं काय चुकलं होतं? मराठीत आपण असंच बोलतो की. मीना म्हणाली, मी आजारी आहे. आपल्या भाषेत कोणी कोणाचा ‘मी’ काढून घेत नाही.
भाषेत नाही काढत. घरात काढतो.

एसटीची वाट बघताना मी तिच्याकडून घोकून घ्यायचे.
“आयचा शी गो, शी!”
ती नाक मुरडायची. “शी काय? चांगल्या मानसाला शी बोलायचा?”
दोघी हसत सुटायचो आणि अभ्यास तिथेच राहायचा.

दहावीला तिचं इंग्रजी तेवढं राहिलं. ऑक्टोबरला परत बसायचं, पास झालं की शहापूरच्या कॉलेजात जायचं, असं तिचं पक्कं होतं.
त्याच्या आधी मुरबाडकडचं स्थळ आलं.

पाहुण्यांनी विचारलं, “काय पोरी, शिकायचंय का पुढं?”
“मला...” ती बोलायला लागली.
तिचे काका मध्येच म्हणाले, “ती बोलते, आता शिक्षान पुरं. घरकामाची आवड हाय तिला.”

मी आतल्या दाराशी उभी होते. शोभाने मान वर केली, काकांकडे बघितलं आणि परत खाली घातली.
झालं. आयचा शी झाला.

लग्न झालं. पुढे मी कल्याणला नोकरीला लागले. तिच्या सासरच्या गावात एका दुकानात फोन होता. मी फोन करून निरोप द्यायचे, थोड्या वेळाने परत लावायचे. दर वेळी फोनवर तिचा दीर.
“वयनी कामात हाय. बोलते, मी मजेत हाय.”
“तिलाच बोलवा ना जरा.”
“तीच बोलली, सांग म्हनून.”

मजेत म्हणे.

मग एक दिवस निरोप आला तो थेट ती गेल्याचा. दोन हजार साल उलटून गेलं होतं. गावात जीप होती, मुरबाडला डॉक्टर होते. तरी माझी मैत्रीण तापाने गेली. आणि वर हे वाक्य, की तीच नको म्हणाली.

तिची आई माझा हात धरून विचारायची, “नको कशी बोलल गो माझी पोर? कशी बोलली असल?”
माउली हाच प्रश्न घेऊन गेली.

गेल्या महिन्यात मुरबाडच्या स्टँडवर शोभाची नणंद भेटली. तेव्हा ती लग्नाची होती, घरात तोंड उघडायची सोय नव्हती. आता स्वतः सासू झालीय.
मला राहवलं नाही. “ताई, खरं सांगा. शोभा नको म्हणाली होती?”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.
“बोलली ना नको. माझ्या आयेनं काढा दिला तवा बोलली. ‘मला काढा नको. मला दवाखान्यात न्या.’ परत परत तेच बोलत होती. दादा भायेर जीप लावून उभा. आयेनं त्याला जाऊन सांगितलं, ती नको बोलते.”

तिची गाडी लागली, ती गेली.

अर्धं वाक्य.
अर्ध्या वाक्यापायी बाई मेली हो!

जीप दारात होती. फक्त तिचं बोलणं दारापर्यंत आलं नाही.

आता मी कोणाला जाब विचारू? सासू राहिली नाही, जीप लावून उभा असलेला नवराही नाही. शोभाच्या आईला सांगायचं, तर तीही नाही. घसा फुटेस्तोवर ओरडावंसं वाटतं, पण ऐकायला हवं होतं त्यांतलं कोणीच उरलेलं नाही. जीव नुसता तडफडतो.

म्हणून इथे लिहिते. तिने लिहिलं असतं तसंच.

शोभा सेड दॅट आय वॉन्टेड टू गो टू हॉस्पिटल.

चुकीचं आहे, माहीत आहे. कापा मार्क.
पण खाली कमेंटमध्ये कोणी दुरुस्त करू नका. त्या ‘आय’ला हात लावू नका. तो तिचा आहे.

शोभा, तुझं पुरं वाक्य पोचलं गो.
फार उशिरा पोचलं.

नमस्कार तुला.