अर्ध्यावर अडलेलं दार

अमेरिकेतल्या नेपरव्हिलचे चारुदत्तकाका निवृत्त झाले होते, पण त्यांचा अंगठा आणि तर्जनी अजून नोकरीवरच होती. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं: मोठाले स्क्रू सतत फिरवत ठेवायचे, त्यांवरचं ग्रीस चिमटीत चोळून पाहायचं आणि धातूची कचकच बोटांना लागली की आटे झिजू लागले हे ओळखायचं. घरी तीच चिमूट तुपालाही लागे आणि श्रीखंडालाही.

सुनेत्राकाकूंनी हे सगळं चालवून घेतलं होतं. फक्त या हिवाळ्यात त्यांनी फ्रीझरमधले ग्रीसचे डबे बाहेर काढले. कोणतं ग्रीस थंडीत घट्ट होतं ते काका तिथे तपासत, आणि काकूंना खोवलेल्या नारळासाठी जागा हवी होती. काका डबे उचलून गॅरेजमध्ये गेले. तिथलं दार एका लांब स्क्रूच्या जोरावर उघडायचं. त्या स्क्रूच्या अर्ध्या भागाला त्यांनी एक ग्रीस फासलं, उरलेल्या अर्ध्याला दुसरं. थंडी काय, फुकटच होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा सगळा तिळगूळ काकूंकडे होता. लाडवांचे डबे गाडीत ठेवून, काळ्या साडीवर जाडजूड कोट चढवून त्यांनी बटण दाबलं. दार अर्ध्यापर्यंत ऐटीत गेलं, कण्हलं आणि थांबलं.

काका स्टुलावर चढले. दार ओढणारा सरकता ठोकळा येता-जाता एक ग्रीस दुसऱ्यात कालवत होता, आणि त्या मिश्रणाचा थंडीत गोळा झाला होता. दोन जातींचं ग्रीस मिसळू नका, असं हाताखालच्या प्रत्येक इंजिनिअरला त्यांनीच बजावलं होतं. तरी चेहरा कसा, पेढा मिळाल्यासारखा.

काकूंनी बोट लावून पाहिलं. "पाक पुढे गेलाय तुमचा."

ठोकळ्याला लोंबणारी लाल दोरी ओढून तो सोडवला की दार हाताने उचलता आलं असतं. पण ठोकळा नेमका कुठे अडला ते मोजल्याशिवाय काकांना दोरी ओढवेना. मोजपट्टी काही सापडेना. तेवढ्यात हळदीकुंकवाच्या हॉलवरून काकूंची मैत्रीण नीना हिचा फोन आला, की बायका खोळंबल्यात आणि तिळगूळ नाही म्हणून कुणी कुणाशी गोड बोलत नाहीये.

"अहो, हे फ्रीझरमध्ये कळलं नसतं का?"

"कळलं असतं. डब्यातल्या डब्यात."

काकूंनी ग्रीसचं बोट पुसलं. "खालचा कप्पा घ्या. श्रीखंडाच्या डब्यात मात्र काही भरायचं नाही."

काकांनी दोरी ओढली, दोन्ही हातांनी दार वर उचललं आणि ते तसंच धरून बोचऱ्या वाऱ्यात उभे राहिले. गाडी बाहेर काढताना काकूंनी काच खाली केली आणि एक लाडू थेट त्यांच्या तोंडात घातला. चिमटीत न चोळता काकांनी खाल्लेला तो पहिलाच पदार्थ असावा.