यार्डात असतात

मिस्टर काय करतात, असं बिबवेवाडीत कुणी विचारलं की मी सांगायचे, "यार्डात असतात." त्यात खोटं काही नव्हतं. आधी ते मार्केट यार्डात हमाल होते आणि नंतर तुरुंगातल्या फाशी यार्डात. ऐकणाऱ्याने हवं ते यार्ड धरावं.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. एका सकाळी यार्डातल्या एका गाळ्याचा राखणदार ह्यांना डोकं फुटून पडलेला दिसला. ह्यांनी त्याला उचलून पोत्यांवर निजवलं आणि पाणी आणायला धावले. वाटेत गाळ्याचे मालक भेटले, त्यांना काय झालं ते सांगितलं. पाणी घेऊन परत येईपर्यंत राखणदाराने प्राण सोडला होता. आत गल्ला फुटलेला, आणि ह्यांचा सदरा रक्ताने भरलेला. मालकांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, "हा स्वतः मला म्हणाला, त्याला आडवा केला." ह्यांना विचारलं, असं म्हणालास का? हे म्हणाले, "हो, म्हणालो." म्हणालेच होते ना! खालच्या कोर्टाने फाशी दिली, वरच्या कोर्टाने ती कायम केली. मला सगळे एवढंच सांगत, "त्याने कबुली दिलीय, बाई." कबुलीतला शब्द कोणता, हे मला कुणी सांगितलं नाही.

मी डबे करत होते. तेव्हा पुण्यात सारखी नवी कंपनी उघडायची आणि लांबून आलेल्या मुलांना घरची पोळीभाजी हवी असायची. गळ्यात ओळखपत्र, हातात माझा डबा, असे ते कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहायचे. दिवस फार चांगले आलेत, असं जो तो म्हणायचा. मला ते ऐकून संताप यायचा. संगणकावरून साऱ्या जगाशी बोलणारं हे शहर, आणि माझ्या नवऱ्याचं बोलणं इथे कुणी धड ऐकून घेतलं नव्हतं.

दिल्लीच्या अपिलासाठी शनिवार पेठेतल्या एक वकीलबाई मिळाल्या. त्यांना फी नको होती आणि गोड बोलणंही नको होतं. पहिल्याच दिवशी मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "अहो, रडायचं असेल तर बाहेर बाकडं आहे. आत काम चालतं." मला ही बाई तिथेच आवडली.

एकदा मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांचे म्हातारे वडील आतून आले आणि दारातच त्यांना घेरी आली. बाई त्यांना धरून नुसत्या उभ्या. मी ओरडले, "बाई, पाह्यता काय? बाबांले आडवं करा ना आधी!"

दोघींनी मिळून त्यांना दिवाणावर निजवलं, पाणी पाजलं. ते सावरल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"मघाशी आपण काय म्हणालात?"

"आडवं करा म्हटलं. मंग काय उभं ठेवता त्यायले?"

"आडवं करा, म्हणजे निजवा?"

"दुसरं काय?"

बाईंनी कपाटातून फाइल काढली. मग त्यांनी मला मालकांच्या साक्षीतलं ते वाक्य वाचून दाखवलं. पुण्यात माणसाला आडवा केला म्हणजे मारून पाडला. आमच्याकडे बाळंतिणीला आडवं करतात, तापलेल्या लेकराला आडवं करतात.

दुसऱ्याच दिवशी बाई मला घेऊन मालकांच्या गाळ्यावर गेल्या. "तो काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत सांगा."

मालकांनी आठवून सांगितलं, "म्हणाला, 'त्याले आडवं केलं, आता पानी नेतो.'" त्यांचा चेहरा उतरला. "पाण्याचं मला कुणी विचारलंच नाही हो."

"आणि न विचारता सांगायची आपल्याकडे पद्धत नाही," बाई म्हणाल्या.

पण मालक कच खाणारे नव्हते. दिल्लीने साक्ष पुन्हा घ्यायला लावली, तेव्हा त्यांनी पाण्यासकट सगळं सांगितलं. बाकीचा पुरावा त्या एका शब्दाच्या खुंटीला टांगलेला होता. खुंटी निघाली आणि सगळं खाली आलं. त्यालाही वर्षं गेली, पण आता आम्ही दोघी मिळून कोर्टात भांडत होतो आणि मला भीती वाटेनाशी झाली होती.

मोबाइल वाजला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "निर्दोष," बाई म्हणाल्या. पुढे त्यांना बोलवेना. मी म्हटलं, "बाहेर बाकडं आहे." मग दोघीही फोनवर हसत सुटलो, रडत सुटलो. त्या दिवशी एकाही मुलाला डबा पोचला नाही, आणि एकानेही तक्रार केली नाही.

हे घरी आले, पोटभर जेवले आणि बसल्या जागी पेंगायला लागले. मी अंथरूण घातलं. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात आल्या.

"काय हो, मिस्टर अजून यार्डातच का?"

"नाही," मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "घरात आहेत. आत्ताच आडवं केलं त्यायले."