वैष्णवी तिसऱ्यांदा बोलली तेव्हा

मंडळी, निलंग्याहून परतीच्या एसटीत बसून लिहितेय. डोकं चालेना, म्हणून तुम्हालाच विचारते.

मी आयटीआयच्या पोरापोरींना इंग्रजी बोलायला शिकवते. जोडीदार बदलायचा आणि तेच पुन्हा सांगायचं, एवढीच माझी पद्धत. तिसऱ्या खेपेला जीभ सुटते.

आज विचारलं होतं, कोर्स झाल्यावर काय करणार? इलेक्ट्रिशियनच्या वर्गातली वैष्णवी "माय मॅरेज" एवढंच बोलली आणि अडली. मी म्हटलं, "थांबू नको, परत सांग."

तिसऱ्यांदा ती एका दमात बोलली. "माय मॅरेज इज फिक्स्ड. आय डोन्ट वॉन्ट इट. आय वॉन्ट अ जॉब."

एकही चूक नव्हती. सवयीनं माझ्या तोंडून "व्हेरी गुड!" निघून गेलं. अजून लाज वाटतेय.

तास संपल्यावर ती जवळ आली. "मॅडम, इंग्लिशमधी जमलं बगा. पन पप्पाला मराठीत कसं सांगू?"

मी म्हटलं, "मलाच पप्पा समज."

"पप्पा" एवढंच बोलली आणि अडली.

परत सांग म्हणायचा मला धीर झाला नाही. रविवारी साखरपुडा आहे. तिच्या घरी मी जाऊ का? आणि गेले, तर पहिलं वाक्य काय बोलू?